गालिचा आधी उलटा करा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या मुलाने मोरोक्कोतल्या माराकेशहून जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचा एक गालिचा आणला, साधारण साडेपाच फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. दुकानदाराने सांगितलं की तो डोंगरातल्या बर्बर बायकांनी विणलेला, नव्वद वर्षांचा आणि पूर्णपणे नैसर्गिक रंगांचा आहे. पुण्यातल्या पहिल्याच पावसाळ्यात त्याला कुबट वास यायला लागला. एकदा त्यावर पाणी सांडलं तर खालच्या पांढऱ्या फरशीवर गुलाबी डाग उठला. आता तो धुवावा का, ड्रायक्लीनला द्यावा का, भिंतीवर टांगला तर चालेल का, आणि तो खरंच एवढा जुना आहे का? शेवटी एक ओळ आहे: "सासूबाई म्हणतात, ही तर आपली गोधडीच."

मी सव्वीस वर्षं जुने गालिचे, शाली आणि पैठण्या दुरुस्त करते आहे. असले चिंध्यांचे मोरोक्कन गालिचे माझ्याकडे मोजकेच आले, पण प्रत्येकाने मला बाकी सगळ्या गालिच्यांपेक्षा जास्त शिकवलं. म्हणून उत्तर लांबेल. घाईत असाल तर एवढं आत्ताच सांगते: धुऊ नका, ड्रायक्लीनला देऊ नका, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर तर मुळीच टाकू नका. वयाबद्दल दुकानदाराने सांगितलेलं खरं नाही. तरी गालिचा खोटा आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

या गालिच्यांना तिकडे बूशरवीत म्हणतात. 'शरवीत' म्हणजे चिंधी, फाटक्या कपड्याचा तुकडा. हा शब्द मोरोक्कोच्या बोली अरबीतला आहे. विणणाऱ्या बायकांपैकी अनेकजणी अमाझिग आहेत, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक बर्बर म्हणत आले त्या समाजातल्या. 'बर्बर' हे नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं आहे. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, अनेकवचनी इमाझिगेन. त्यांच्या तमाझिग्त भाषेला २०११ च्या राज्यघटनेने अरबीच्या जोडीला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. मात्र चिंध्यांचे गालिचे ज्या पट्ट्यात सर्वात जास्त विणले गेले, त्या मध्य अॅटलास पर्वताच्या पायथ्याशी, बेनी मेल्लाल, बूजाद, खुरिब्गा या बाजूला, अरबी बोलणाऱ्या जमातीही शेजारी शेजारी राहतात आणि त्यांच्या बायकाही हेच विणतात. त्यामुळे दुकानातला गालिचा नक्की कोणत्या घरातून आला हे नुसता बघून छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता वय. अॅटलासच्या या भागात मूळ विणकाम लोकरीचं. घरच्या मेंढ्या, घरची लोकर, घरीच कातलेलं सूत. थंडीत अंगाखाली आणि अंगावर घ्यायला जाड, केसाळ गालिचे लागत. फ्रेंच अमदानीत, १९१२ ते १९५६ या काळात, सरकारी अधिकारी प्रोस्पेर रिकार यांनी मोरोक्कोच्या गालिच्यांच्या नोंदी चार खंडांत प्रसिद्ध केल्या. पहिला खंड १९२३ चा आणि शेवटचा १९३४ चा. त्यात जमातीजमातींचे लोकरीचे गालिचे, त्यांची नक्षी आणि गाठी यांचा तपशील आहे. तुमच्या दुकानदाराने सांगितलेली नव्वद वर्षं नेमकी त्याच काळात जातात.

चिंध्यांचे गालिचे त्या मानाने खूप अलीकडचे आहेत. १९६० आणि १९७० च्या दशकांत त्यांनी जोर धरला. कारण फार साधं आणि दुखरं आहे: लोकर परवडेनाशी झाली. बेनी मेल्लालच्या वरच्या अंगाला बिन एल विदान हे मोठं धरण १९५३ मध्ये पुरं झालं, तादलाच्या मैदानात कालव्याचं पाणी आलं आणि जिथे कळप चरत तिथे शेती उभी राहिली. फिरते मेंढपाळ एका जागी स्थिरावले, कळप लहान झाले. उरलेली लोकर घरात वापरण्यापेक्षा विकून रोख पैसा करणं भाग पडू लागलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळाची सलग वर्षं आली आणि जनावरं आणखी घटली. याच मुलखातून माणसं कामासाठी फ्रान्स-इटलीला जाऊ लागली, आणि आठवडी बाजारात युरोपातले जुने कपडे गठ्ठ्यांनी येऊ लागले. घरात माग होता, हातात कसब होतं, रात्री थंडी होती. फक्त लोकर नव्हती. मग बायकांनी लोकरीच्या गाठीच्या जागी चिंधी बांधली.

मला या गालिच्यांबद्दल जे काही वाटतं ते सगळं या एका गोष्टीतून येतं. हे विकण्यासाठी विणलेले नव्हते. ते जमिनीवर अंथरायला आणि मुलांच्या अंगाखाली घालायला होते. लोकरीचा गालिचा घराची इभ्रत. पाहुणा आला की तो बाहेर निघे, आणि त्याची नक्षी आईकडून मुलीकडे आलेली असे. चिंध्यांच्या गालिच्याकडे कुणी त्या नजरेने बघत नव्हतं, म्हणून विणणारीला तिथे मोकळीक मिळाली. शंकरपाळ्यासारखे चौकोन, नागमोडी रेघा, बुद्धिबळाच्या पटासारखे चौरस हे जुने आकार येतात, पण मध्येच सुटतात, वाकतात, दुसऱ्याच रंगात जाऊन मिळतात. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कॅव्हिन-मॉरिस कलादालनात या गालिच्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा लोकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रांशी केली. माराकेशच्या जुन्या शहरात पुढे बूशरवीतसाठी एक छोटं खासगी संग्रहालयही निघालं. पण ज्या घरांत ते विणले गेले तिथे ते बराच काळ 'चिंध्याच' राहिले. आपल्याकडेही हा शब्द हिणवायलाच वापरतात.

तर तुमचा गालिचा उलटा करा. सगळ्याच गालिच्यांची पुढची बाजू बघणाऱ्याची मनधरणी करते. खरी माहिती मागे असते.

मागच्या बाजूला उभे धागे, म्हणजे ताणा, आणि आडवे धागे, म्हणजे बाणा, स्पष्ट दिसतील. मध्य अॅटलासमध्ये माग उभा असतो. त्याला तमाझिग्तमध्ये अझेट्टा म्हणतात. खाली-वर दोन आडव्या तुळया, त्यांच्यात ताणलेला ताणा, समोर जमिनीवर बसलेली बाई. ती चिंधीचा बोटभर किंवा त्याहून थोडा लांब तुकडा ताण्याच्या दोन धाग्यांभोवती अडकवते आणि दोन्ही टोकं पुढे काढते. अशी एक ओळ झाली की बाण्याचे काही धागे आडवे घालते आणि लोखंडी पंजाने ठोकून बसवते. मग पुढची ओळ. काश्मिरी गालिच्यात दोन ओळींमध्ये जेमतेम जागा असते. इथे दोन ओळींमध्ये बाण्याचे चार, सहा, कधी दहा फेरे सापडतात, कारण चिंधीची टोकं लांब असतात आणि खालची मोकळी जागा झाकून टाकतात. त्यामुळे काम लवकर होतं आणि चिंध्याही कमी लागतात.

ताणा कशाचा आहे ते बघा. हाताने कातलेल्या लोकरीचा असेल तर गालिचा तुलनेने जुना असण्याची शक्यता वाढते. गिरणीच्या सुताचा किंवा कृत्रिम धाग्याचा असेल तर बहुधा नंतरचा. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. हातात आलं ते वापरलं, हाच या कामाचा नियम होता.

खरी तारीख चिंध्यांमध्ये असते. मला हा भाग फार आवडतो. लोकरीच्या गालिच्याचं वय ठरवताना आम्ही रंग, नक्षी, झीज यांवरून अंदाज बांधतो. इथे प्रत्येक चिंधी एखाद्या कपड्यातून आली आहे, तो कपडा एखाद्या गिरणीतून आला आहे, आणि कोणतं कापड जगात कधी आलं हे आपल्याला ठाऊक आहे. पॉलिस्टरचा शोध १९४१ चा, पण ते बाजारात रुळलं १९५० च्या दशकात. आपल्या घरातली मोठी माणसं टेरिलीन म्हणत तेच, आणि टेरिकॉटमध्ये सुताबरोबर मिसळलेलंही तेच. अॅक्रिलिकचे स्वेटर १९५० नंतरचे. प्लास्टिकच्या पट्टीची चमकणारी जर १९४६ पासूनची. ताणलं की परत आखडणारं लायक्राचं कापड १९५८ मध्ये शोधलं गेलं आणि पुढच्या दशकात कपड्यांत आलं. गालिच्यात सापडलेली सर्वात नवी चिंधी ज्या काळातली, त्याच्या आधी तो गालिचा विणला गेलेला असूच शकत नाही. शिवाय कपडा आधी कुणीतरी वापरला, मग तो टाकला, मग बाजारातून फिरत या घरात आला, इथेही फाटेपर्यंत वापरला आणि मग चिंधी झाली. म्हणजे त्यात आणखी काही वर्षं मिळवा.

तुम्ही पाठवलेल्या मागच्या बाजूच्या फोटोत डाव्या कोपऱ्याजवळ मला तीन गोष्टी दिसल्या. एक, गुलाबी टी-शर्टच्या विणीव कापडाच्या पट्ट्या, ज्या ताण पडल्यावर आपोआप नळीसारख्या गुंडाळल्या गेल्या आहेत. दोन, चंदेरी जरीचा एक पट्टा, बहुतेक लग्नकार्यातल्या पेहरावाचा. तीन, एका चिंधीच्या काठावर मशीनची दुहेरी शिलाई, म्हणजे ती एखाद्या टी-शर्टची खालची दुमड आहे. माझ्या अंदाजाने हा गालिचा १९८० ते २००० च्या दरम्यानचा आहे. गालिचा हातात न घेता याहून नेमकं सांगणं मला योग्य वाटत नाही.

नैसर्गिक रंगांचं म्हणणं तर विचारात घेण्यासारखंही नाही. हे रंग कुणी घरी चुलीवर चढवलेले नाहीत, ते गिरणीतून कपड्याबरोबर आले. मंजिष्ठ किंवा नीळ घरच्या रीतीने पॉलिस्टरवर नीट चढत नाही. खात्री करायची असेल तर मागच्या बाजूने सुटलेल्या चिंधीचे दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरून स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खाली स्टीलची ताटली ठेवून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं आणि हलकी करडी राख राहते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून काळा, कडक मणी होतो. अॅक्रिलिक काजळी सोडत भरभर पेटतं. खिडकी उघडी ठेवा आणि मूल आसपास नको.

हल्ली जुने म्हणून विकले जाणारे बरेच चिंधी-गालिचे मुळात नवे असतात. ते ओळखण्याची माझी पहिली खूण चिंधीची रुंदी. घरच्या जुन्या कपड्यांतून निघालेल्या चिंध्या एकसारख्या नसतात. विणलेलं कापड धाग्याच्या रेषेत फाडतात म्हणून त्याच्या कडांना दशा सुटलेल्या असतात. कुठे शिवण, कुठे काजं, कुठे इलॅस्टिकचा तुकडा सापडतो. मोजून मापून एकाच रुंदीच्या, एकाच जातीच्या पट्ट्या असतील तर तो माल कारखान्यातल्या कापणीचा. त्यातही काही वाईट नाही. आपल्याकडच्या चिंधी दऱ्या कारखान्यातल्या चिंध्यांच्याच असतात आणि जगभर जातात. फक्त त्याला जुनं म्हणू नये. दुसरी खूण केसाळ बाजूवर. गाठीची टोकं बोटांनी बाजूला करून मुळाशी बघा. वापराने आणि उन्हाने विटलेल्या गालिच्यात टोक फिकं आणि मूळ गडद असतं. टोकापासून मुळापर्यंत एकसारखा फिकटपणा असेल आणि हुंगल्यावर पोहण्याच्या तलावासारखा वास आला, तर ब्लीचने तो 'जुना' केलेला आहे. अशा गालिच्यातली सुती चिंधी दोन-चार वर्षांत पीठ व्हायला लागते. तुमच्या फोटोंत मुळाशी रंग गडद दिसतो आहे, हे चांगलं लक्षण.

काहीजण जांभळा प्रकाश देणारी यूव्ही बॅटरी घेऊन बसतात आणि कापड निळसर चमकलं की नवं ठरवतात. ते पुरेसं नाही. पांढरेपणा आणणारी रसायनं कपडे धुण्याच्या पावडरीतही असतात, म्हणून जुनी चिंधी एकदा तशा पावडरीने धुतली तरी चमकते.

अजून गालिचा उलटाच असू द्या, कारण एक गोष्ट तुम्ही पाहावी असं मला फार वाटतं. या गालिच्यांबद्दल सर्रास बोललं जातं की हाताला जी चिंधी लागली ती बांधली, रंग संपला तिथे दुसरा सुरू केला, म्हणून ते इतके मोकळे. रंग संपतो हे खरं आहे. पण मागच्या बाजूने ओळी मोजल्या तर वेगळंच दिसतं. माझ्याकडे आलेल्या एका गालिच्यात एक भडक केशरी कापड होतं, बहुधा एकाच ओढणीचं. पुढून ते सगळीकडे उधळल्यासारखं वाटत होतं. मागून मी प्रत्येक गाठीवर खडूने खूण केली. खालच्या काठापासून वरच्या काठापर्यंत ते पुरवून पुरवून वापरलेलं होतं. एका ओळीत दोन गाठी, मग चार ओळी सोडून तीन, आणि मधल्या चौकोनासाठी सगळ्यात मोठा साठा राखून ठेवलेला. ज्या बाईने हे केलं तिने विणायला बसण्यापूर्वी चिंध्यांचे ढीग लावले असणार, कोणता रंग किती आहे हे डोळ्यांनी तोललं असणार. त्या दिवशी मी काम थांबवलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले. 'आपोआप जमलं' असं कुणी म्हटलं की मला त्या खडूच्या खुणा आठवतात.

अॅटलासच्या काही भागांत मागावरचं कापड जिवंत मानलं जातं. ताणा मागावर चढला की त्याचा जन्म झाला, आणि विणून पुरा झालेला गालिचा कापून उतरवताना त्याचा मृत्यू. म्हणून कापण्यापूर्वी बायका त्यावर पाणी शिंपडतात, जसं जाणाऱ्या माणसाच्या तोंडात घालावं. ही समजूत मूळ लोकरीच्या विणकामातली. चिंध्यांच्या वेळीही प्रत्येक घरात ती पाळली गेली असेल असं मी म्हणणार नाही.

सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे का? भावनेने शंभर टक्के. वापरून मऊ झालेलं कापड, घरातल्या माणसांच्या अंगावरचं, पुन्हा घरातल्याच माणसांच्या उबेसाठी. पण कामाची रीत वेगळी आहे, आणि निगा करताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो. गोधडीत किंवा वाकळीत लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवतात. लुगड्याचा काठ, पदर, छापाची फुलं ओळखू येतात. आजीचं कुठलं लुगडं कुठे आहे हे बोट ठेवून सांगता येतं. बूशरवीतमध्ये कापड फाडून पट्टी होते, पट्टीची गाठ होते, आणि मूळ कपड्याची नक्षी पार विरघळून फक्त रंग उरतो. गोधडी फाटली तर वरून ठिगळ लावता येतं. इथे ताण्याचा एक धागा तुटला तर त्यावरच्या सगळ्या गाठी सैल होतात. आणि गोधडी नदीवर नेऊन आपटून धुता येते. हा गालिचा नाही.

का नाही, ते माझ्याच चुकीवरून सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एक बूशरवीत माझ्याकडे धुण्यासाठी आला. मी लाल, निळा, हिरवा, काळा असे सगळे मोठे रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने तपासले. एकही सुटला नाही. एका बाजूला जांभळ्या कापडाच्या जेमतेम सात-आठ गाठी होत्या, त्या मी धरल्याच नाहीत. पाण्यात घातल्यावर तो जांभळा सुटला आणि शेजारच्या साईच्या रंगाच्या पट्ट्यात वीतभर पसरला. तो परत निघाला नाही. मी मालकांना बोलावून दाखवलं, पैसे घेतले नाहीत, पण गालिच्यावरचा तो डाग कायमचा राहिला. तेव्हापासून मी रंग तपासत नाही, कापड तपासते. दोन लाल चिंध्या दिसायला सारख्या असल्या तरी एक पॉलिस्टरची असते आणि दुसरी स्वस्त सुती रंगाईची. एका गालिच्यात चाळीस-पन्नास वेगवेगळी कापडं सहज निघतात. त्यातलं सर्वात कच्चं जे असेल, त्याच्या कुवतीप्रमाणे अख्ख्या गालिच्याशी वागायचं.

तुमच्या गालिच्यातलं गुलाबी सुटतं हे फरशीने सांगितलंच आहे. म्हणून पाण्यात घालणं संपलं. लाँड्रीतल्या ड्रायक्लीनचं द्रावण पाण्यासारखा सुती रंग सोडवणार नाही, पण छापील टी-शर्टवरचं प्लास्टिक, जरीची पट्टी, इलॅस्टिकमधलं रबर यांचं ते नुकसान करतं. प्लास्टिक कडक होऊन तडकतं. घरचा वॉशिंग सोडा किंवा तीव्र पावडर जरीवरची अॅल्युमिनियमची चमक उतरवते.

मग वासाचं काय? कुबट वास म्हणजे दमटपणा आणि बुरशीची सुरुवात. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला सुती कापड पुरतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती त्याच्या बरीच वर असते. गालिचा फरशीवरून आजच उचला. कपडे वाळत घालायचा आडवा स्टँड असतो त्यावर जुनी चादर टाकून त्यावर तो सपाट पसरा, म्हणजे खालूनही हवा लागेल. पंखा चालू, सावलीत, दोन-तीन दिवस. दोरीवर घडी घालून टाकू नका. सगळं वजन एका रेषेत येतं. कडक उन्हात घालू नका, ती गुलाबी आणि केशरी कापडं एका मोसमात विटतात. पांढुरकी बुरी दिसत असेल तर तोंडाला मास्क लावा आणि गॅलरीत मऊ ब्रशने हलकेच काढा, घरात नाही.

वाळला की व्हॅक्यूम करा, तेही आधी मागच्या बाजूने. फिरणारा ब्रश असलेलं तोंड लावू नका, ते गाठी उपटतं. साधं तोंड, कमी जोर, आणि तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधलेला. मागून केलं की मुळाशी बसलेली रेती खाली पडते. या रेतीकडे दुर्लक्ष करू नका. गालिच्यावर चालताना तीच ताण्याचे धागे कातरते. वास पूर्ण जायला एखादा आठवडा लागेल. अत्तर, फिनेल, खाण्याचा सोडा यांपैकी काही शिंपडू नका. सोडा चिंध्यांच्या मुळाशी जाऊन बसतो.

ताणा लोकरीचा निघाला तर कसर लागण्याची भीती आहे. सुती आणि पॉलिस्टरच्या चिंध्या जशाच्या तशा राहतात आणि आतून ताणाच खाल्ला जातो, त्यामुळे वरून काही कळत नाही. मागच्या बाजूला बारीक वाळूसारखी विष्ठा किंवा पांढऱ्या नळ्या दिसल्या तर गालिचा जाड पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि मोठ्या फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर बाहेरच्या हवेचं पाणी त्यावरच जमेल. डांबरगोळ्या या गालिच्यात नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. कडुनिंबाचा पाला मनाला बरा वाटतो, पण कसरीसाठी त्याच्यावर विसंबू नका, आणि पाल्याचे डाग मात्र पडतात.

भिंतीवर लावणं हा तुमच्या गालिच्यासाठी उत्तम उपाय आहे, फक्त खिळे ठोकून नाही. दोन इंच रुंद सुती पट्टी, आपली निवारीसारखी, तिच्यावर वेल्क्रोची मऊ बाजू शिवून घ्या. मग ती पट्टी गालिच्याच्या वरच्या काठाला मागून हाताने शिवा. सुई ताण्याच्या धाग्यांमधून जायला हवी, चिंधीत नाही. चिंधीला भार पेलत नाही. वेल्क्रोची काटेरी बाजू लाकडी पट्टीवर मारून ती पट्टी भिंतीत स्क्रूने बसवा. ताणा उभा राहील अशीच दिशा ठेवा. बाहेरची भिंत टाळा, पावसाळ्यात ती ओल धरते. खिडकीसमोरची भिंतही नको. सहा महिन्यांनी उतरवून आठवडाभर सपाट ठेवला तर ताण्याला विश्रांती मिळते.

जमिनीवरच हवा असेल तर जिथे चपला येत नाहीत अशा खोलीत, खाली नमद्याचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा, तुकडा घालून. बाजारात मिळणारी फोमची न घसरणारी जाळी घालू नका. उष्णतेने ती चिंधीला चिकटते आणि काढताना कापड घेऊन निघते.

गुंडाळून ठेवायची वेळ आली तर जाड पाइपवर धुतलेला मांजरपाट गुंडाळा आणि गालिचा केसाळ बाजू बाहेर ठेवून ताण्याच्या दिशेने सैल गुंडाळा. वरून पुन्हा मांजरपाट. घडी कधीच नाही.

तुमच्या फोटोत उजव्या काठाजवळ बाण्याचे चार-पाच धागे तुटलेले दिसतात आणि तिथल्या गाठी लोंबत आहेत. त्या कापू नका आणि ओढूही नका. त्या जागी मागून मलमलीचा तुकडा चार टाक्यांनी धरून ठेवा, म्हणजे आणखी उसवणार नाही. दुरुस्तीला देताना कारागिराला एवढंच विचारा की गाठीसाठी काय वापरणार. नवी लोकर किंवा नवी रंगीत लेस म्हणाला तर देऊ नका. मी जुन्या कपड्यांची एक ट्रंक ठेवते, कापडाच्या जातीनुसार लावलेली: बनियनचं कापड, टेरिकॉट, जुनं पॉपलिन, स्वेटरचं अॅक्रिलिक. त्यातलं बरंचसं एका बोहारणीकडून येतं. भांडी देऊन घेतलेल्या गाठोड्यातले, पुन्हा विकले जाणार नाहीत असे कपडे ती माझ्यासाठी बाजूला काढते, आणि आता तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं की कोणतं कापड किती धुतलेलं आहे. तुमच्या गालिच्याला जे गुलाबी लागेल ते तिच्याकडे बहुतेक मिळेल. पावसाळा संपेपर्यंत मात्र दुरुस्ती नको. दमट हवेत ताण्याचा ताण खोटा येतो आणि हिवाळ्यात काठ वाकडा होतो. दसऱ्यानंतर आणा.